नाही म्हणत नाही

रुआँ, १४ सप्टेंबर २००९

प्रिय सोलांज,

ढब्... ढब्-ढब्. धुक्यात तव्यावर पळी आपटल्याचा तो आवाज अजून येतो का गं तुझ्या कानात? युद्धात पहिल्यांदा पूल पडले त्या हिवाळ्यात म्हातारा तूतँ तुम्हा पैलतीरच्या पोरांना नावेतून सेन नदीपार आणायचा. घंटा नव्हती, म्हणून बायकोचा तवा बडवायचा, धुक्यात नाव कुठे आहे ते काठावर कळावं म्हणून. मी अलीकडचा. मला नावेशी काही देणंघेणं नव्हतं. तरी शाळेआधी धक्क्यावर उभा राहून कविता घोकायचो. नाव दिसायच्या आधी तवा ऐकू यायचा, आणि तव्याच्या आधी तुझं भांडण. आठ वर्षांची तू त्या म्हाताऱ्याला वल्हं कसं धरावं ते शिकवायचीस.

इतकी वर्षं नव्या वर्षाचं एक कार्ड आणि त्यावर दोन ओळी, एवढाच आपला व्यवहार. आणि आता अचानक हे पत्र. तुझी बोटं आखडली म्हणून तू सांगतेस आणि तुझे यजमान लिहितात, हे वाचून वाईट वाटलं. त्यांचं अक्षर चांगलं आहे. मास्तरकी केलेला माणूस हे पाहतोच.

तुला रुआँ हवं आहे, एका पत्रात एक जागा, प्रवाशाला दाखवावी तशी. मला तर सुट्टीच लागल्यासारखी वाटली. आज गुडघ्याला पट्टा बांधून कॅथेड्रलला गेलो. तिथे प्रवासी माना मागे टाकून उभे असतात आणि वाटाडी त्यांना तीच गोष्ट सांगते. ईस्टरआधीच्या उपवासात लोणी वर्ज्य. पण आपल्या लोकांना लोण्यावाचून घास उतरेना. मग त्यांनी चर्चला पैसे भरून लोणी खाण्याची मुभा घेतली आणि त्या पैशातून उजवीकडचा उंच बुरूज उभा राहिला. लोण्याचा बुरूज. उन्हं कलली की अजूनही तो वितळायला आल्यासारखा पिवळा होतो. डावीकडचा त्याचा भाऊ बुटका आणि काळवंडलेला. त्या बिचाऱ्याने उपवास पाळले असणार.

पुढची जागा तू सांग.

तुझा शाळासोबती
आन्सेल्म

⁂

सेत, २० सप्टेंबर

प्रिय आन्सेल्म,

पत्र मिळालं. लोण्याच्या बुरुजावर हसू आलं. आमचे हे म्हणतात, आम्ही दक्षिणेकडचे तेलावर जगणारे, आमच्या पापांचा बुरूज बांधला असता तर पहिल्याच उन्हाळ्यात घसरून समुद्रात गेला असता.

आता मोठ्या घड्याळाबद्दल लिही. मला चांगलं आठवतं, शाळेला उशीर झाला की मी त्या कमानीखाली उभी राहून वर बघायची. मोठा काटा बारावर यायला दोनच मिनिटं उरलेली असायची आणि मग मी जीव घेऊन पळायची.

घड्याळापासून पुढे, नदी ओलांडून माझ्या घरापर्यंत कसं जायचं तेही लिही. रस्ता नीट लिही. कुठे वळायचं, कोपऱ्यावर काय आहे, सगळं. लवकर लिही.

तुझी
सोलांज

⁂

रुआँ, २५ सप्टेंबर

श्री. सिप्रियाँ रुकेत यांस,

हे पत्र तुम्हालाच लिहितो आहे, कारण माझी पत्रं तुम्हीच वाचता आणि उत्तरंही तुम्हीच देता, असं मला वाटू लागलं आहे.

साहेब, आमच्या घड्याळाला काटा एकच आहे. तासाचा. त्याच्या टोकाला कोकरू आहे आणि ते कोकरू दिवसभर निवांत चरत फिरतं. मिनिटांची उठाठेव हे घड्याळ करीत नाही, कधी केलीही नाही. रुआँचं शेंबडं पोरही त्याच्याकडे बघून ‘दोन मिनिटं उरली’ म्हणणार नाही. सोलांज तर त्या कमानीखालून रोज जायची. आंधळी झाली असती तरी तिने ही चूक केली नसती.

मी तिला सहा दशकांत पाहिलेलं नाही. माझा तिच्यावर काही हक्क नाही. पण त्या नावाने मला कोण लिहितंय, हे विचारण्याचा तरी आहे. सोलांज हयात आहे का? एवढं कळवा. हयात असेल तर तिला बाजूला सारून तुम्हाला या गावातल्या वाटा कशाला हव्या आहेत, तेही कळवा.

आन्सेल्म व्हासलँ

⁂

सेत, ३० सप्टेंबर

व्हासलँ गुरुजी,

पकडलंत. मी बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म घालवला, खोटं लिहिण्याचा सराव नाही. एका काट्याचं घड्याळ असतं हे माझ्या बापालाही ठाऊक नव्हतं. असलं घड्याळ इथे कुणी लावलं असतं तर आम्ही बनवणाऱ्याला कालव्यात बुडवला असता.

सोलांज आहे. चालते, जेवते, माझ्यापेक्षा जास्त जेवते. पण डोक्यातलं सुटत चाललंय. आधी किल्ल्या गेल्या, मग नावं. आता मीही अधूनमधून जातो. सकाळी ठीक असते. संध्याकाळ झाली की कोट चढवते, गळ्यापर्यंत बटणं लावते आणि दार हलवते. ‘मला पलीकडे सोडा, आई वाट बघत असेल.’ आमचं घर कालव्यावर आहे. खाली जाते, काठावर उभी राहते आणि दिसेल त्या नाववाल्याला हाक मारते. पलीकडे काय आहे, तर मासळीवाल्याचं दुकान. मी हात धरून आणतो, ती पुन्हा जाते. दिवे लागेपर्यंत हेच. तिला चैन नाही, मला नाही, खालच्या मजल्यावरच्या बाईला नाही.

पन्नास वर्षांत तिने रुआँचं नाव फारसं काढलं नाही. मीही विचारलं नाही. खरं सांगू? तिकडे तिचं कुणीतरी असेल असं वाटायचं. तुमची नव्या वर्षाची कार्डं मी निरखून पाहायचो. दोन ओळी आणि त्यातली एक हवामानाची. म्हटलं, हा गडी धोक्याचा नाही.

तुमचं लोण्याचं पत्र मी संध्याकाळी तिला वाचून दाखवलं. ती कोटासकट खुर्चीत बसली. हसली. पुन्हा वाच म्हणाली. त्या दिवशी ती खाली गेली नाही, गुरुजी. त्या लोभापायी मी तिच्या नावाने लिहीत राहिलो. तिच्या आठवणी मीच बनवल्या.

आमची मुलगी मिरेय माँपेलिएला नर्स आहे. ती म्हणते, बाबा, तुमच्याने होत नाही, आईला संस्थेत ठेवू. सर्व संतांच्या दिवसानंतर, म्हणजे नोव्हेंबरात, जागा मिळणार आहे. संध्याकाळी घरात बसत असेल तर इथे राहू दे, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय. म्हणजे सगळं तुमच्या पत्रांवर आहे. रागावला असाल तर रागावून लिहा, पण लिहा. फोन नको, फोनवर मला ऐकू येत नाही.

सिप्रियाँ रुकेत

⁂

रुआँ, ६ ऑक्टोबर

रुकेत साहेब,

तुमच्यावर रागावण्याची तयारी करून बसलो होतो, जमलं नाही. धोक्याचा गडी नाही म्हणालात ते मात्र लागलं. असो.

खालचं तिला वाचून दाखवा. सावकाश, ओळीच्या शेवटी थांबून. कविता म्हणतात तसं.

सोलांज, आज आपण रोबेकच्या गल्लीत आहोत. तीच ती, मधून चिमुकला ओहोळ वाहतो आणि प्रत्येक दारासमोर एवढासा पूल. घरं लाकडी चौकटींची, एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून उभी आहेत. वर माळे उघडे, पूर्वी रंगारी तिथे कापड वाळत घालायचे. आणि ओहोळ, सोमवारी निळा, मंगळवारी तांबडा, जणू इंद्रधनुष्य कुणी धुवायला टाकलंय. पुढे सँ-माक्लूचं अंगण. प्लेगात मेलेल्यांची हाडं इथे ठेवायचे, म्हणून खांबांवर कवट्या कोरल्या आहेत. आता तिथे चित्रकलेची पोरं बसून डबा खातात. भिंतीत सापडलेली वाळकी मांजर अजून काचेमागे आहे. तू तिला रोज ‘बाँजूर मादाम’ म्हणायचीस आणि मला म्हणायला लावायचीस. मी आजही म्हणून आलो. एक पोरगी बघत होती.

आणि शाळेतली ती कविता, बाईंनी स्वतः जुळवलेली:

नदी म्हणते, निघते मी,
काठ म्हणतो, आहे मी.

पुढच्या ओळी मला आठवत नाहीत. तुला आठवतात का?

आन्सेल्म

⁂

सेत, १३ ऑक्टोबर

गुरुजी,

रोबेकचं वाचत होतो. निळा, तांबडा, इंद्रधनुष्य. तिने हात वर केला, शाळेत करतात तसा, आणि म्हणाली, ‘खोटारडा आहे तो. तिथे घाण वास यायचा. नाक धरून जावं लागायचं.’ कित्येक महिन्यांत ती सरळ तीन वाक्यं बोललेली नव्हती. मी इतका हसलो की खालच्या बाईने छताला झाडू मारला. तेव्हा पुढच्या वेळी इंद्रधनुष्य कमी आणि वास जास्त, एवढं बघा.

मांजरीला तिने ‘बाँजूर मादाम’ म्हटलं. कवितेच्या दोन ओळी म्हटल्या, पुढची नाही.

चार संध्याकाळी बऱ्या गेल्या. मग तिने विचारायला सुरुवात केली, ‘आणि मग पूल? मग पैलतीर?’ मी पत्र उलटंसुलटं करतो. तुम्ही नदीपर्यंत आणता आणि तिथेच सोडता. बुरूज अलीकडचा, अंगण अलीकडचं, मांजर अलीकडची. तिचं घर पलीकडे आहे आणि तुम्ही पलीकडे जातच नाही. का? गुडघा पुलावर चालत नाही का तुमचा?

परवा ती एका रिकाम्या होडीत उतरून बसली. दोर सुटलेला असता तर काय झालं असतं ते मी मिरेयला सांगितलं नाही. खालच्या बाईने सांगितलं. मिरेयने तारीख ठरवली, ९ नोव्हेंबर, सोमवार.

माझ्या डोक्यात एकच घोळतंय. तिला एकदा तिकडे आणू का? गाडीने. तिचं घर तिला दाखवू, काठ दाखवू. कदाचित त्यानंतर तिचा जीव थाऱ्यावर येईल. कदाचित नाही. हे तुम्हीच सांगू शकता. सरळ उत्तर द्या.

सिप्रियाँ

⁂

रुआँ, १९ ऑक्टोबर

सिप्रियाँ महाशय,

वासाचं मान्य. खरंच नाक धरून जायचो. मी ते विसरलो होतो, किंवा माझ्या आठवणीने नाक कापून ठेवलं असावं.

पैलतीराचं टाळत होतो, खरं आहे. तिची गल्ली नाही. चव्वेचाळीसच्या वसंतात बाँब पडले त्यात ती गेली, अर्ध्या वस्तीसकट. सोलांजची आई त्यातच गेली. सोलांज तेव्हा आत्याकडे गावी होती. ती परत आली तेव्हा मी तिच्याबरोबर तिथे गेलो होतो. दगड आणि एक नळ, त्यातून पाणी वाहत होतं. तिने नळ बंद केला. तिची आई पाणी वाया जाऊ द्यायची नाही. मग आम्ही परत आलो आणि पुढच्याच आठवड्यात आत्या तिला घेऊन गेली. त्यानंतर मी तिला पाहिलेलं नाही.

आता तिथे रुंद रस्ता आहे, बसथांबा आहे, गाड्या उभ्या करायची जागा आहे. मी काल गेलो होतो. गुडघा चालला. काठावर सँ-रोमाँची जत्रा उभी राहते आहे, पाळण्याचे खांब आणि तळणीचा वास. ज्या आईकडे तिला जायचंय ती तिथे नाही, हे तिला दुसऱ्यांदा कळलं तर? किंवा तिला काहीच ओळखू आलं नाही तर? दोन्हींपैकी अधिक वाईट कोणतं हे मला ठरवता येत नाही. रोज पुलाच्या मध्यापर्यंत जातो आणि परत येतो. तिच्यासारखाच मीही झालोय म्हणा.

आणि मला ती दिसेल. इतक्या वर्षांनी. हेही त्यात आहे, ते लपवत नाही.

तुम्ही सरळ उत्तर मागितलंत. फार विचार केला. आणू का म्हणता, तर मी नाही म्हणत नाही.

आन्सेल्म

⁂

सेत, २४ ऑक्टोबर

गुरुजी,

उत्तर मिळालं. समजलो. दोन्ही बाजू तोलून शेवटी माणूस ‘नाही म्हणत नाही’ म्हणतो, तेव्हा त्याला नको असतं. सभ्य माणूस तोंडावर दार लावत नाही, फटीतून बोलतो. तुमची चूक नाही. गल्लीच नाही तर आणून काय करू.

तिची पिशवी भरायला घेतली आहे. मी घालतो, ती काढते. पत्रांबद्दल आभार. आता लिहायची तसदी घेऊ नका, संस्थेत संध्याकाळी वाचून दाखवायला कुणी नसतं.

रुकेत

⁂

रुआँ, २८ ऑक्टोबर

सिप्रियाँ,

अहो, हा काय घोटाळा करून बसलात. की मीच केला.

आमच्याकडे ‘नाही म्हणत नाही’ म्हणजे हो. यापेक्षा मोठा होकार आमच्या जिभेवर येतच नाही. नॉर्मंडीच्या माणसाला विचारा पाऊस पडतोय का, तो भिजत उभा राहून म्हणेल, पडतोय असंही म्हणता येईल. माझ्या बापाला लग्नात मेयरने विचारलं, ही स्त्री पत्नी म्हणून स्वीकारता का. बाप म्हणाला, ‘नाही म्हणत नाही.’ मेयर शेजारच्याच गावचा. त्याने मान डोलावली आणि ‘हो’ लिहून घेतलं. आईने जन्मभर त्याला या वाक्यावरून टोचलं, पण लग्न टिकलं.

तुम्ही दक्षिणेचे, तुमच्याकडे हो म्हणजे हो आणि तेही हातवारे करून. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. चाळीस वर्षं पोरांना सांगत आलो, शब्द कुणाच्या कानात पडणार ते आधी बघा.

तेव्हा आता तुमच्या भाषेत लिहितो. हो. आणा तिला. गल्ली नाही, पण नदी तीच आहे, धुकं तेच आहे. खोली तयार करतो. खाट एकच आहे, मी खुर्चीत बसतो, तसाही झोप लागत नाही. मिरेयबाईंना सांगा, एक म्हातारा मास्तर हात जोडतो आहे.

फोन मी करत नाही, कारण तुम्हाला ऐकू येत नाही असं तुम्हीच लिहिलं होतंत. आणि तिने उचलला तर मी काय बोलू. उलट टपाली कळवा.

आन्सेल्म

⁂

रुआँ, ६ नोव्हेंबर

सिप्रियाँ,

तुमचं उत्तर नाही. पत्र उशिरा पोचलं, की पोचलंच नाही, की पोचून चुलीत गेलं? सोमवार तोंडावर आलाय. रोज पोस्टमन खालच्या पेट्यांमध्ये टाकाटाकी करतो आणि मी जिन्यात कान लावून बसतो. आज त्याने वर बघून सांगितलं, ‘गुरुजी, तुमच्यासाठी वीजबिलसुद्धा नाही.’

मला बसवत नाही. सकाळी सँ-काथरिनच्या टेकडीवर बसने गेलो. वरून सगळं गाव एका नजरेत येतं, मनोरे, पूल, नदीचं वळण. प्रवासी फोटो काढत होते. एका बाईने मला विचारलं, यातलं बघण्यासारखं काय काय आहे. मी पैलतीराकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, तिथे तर काहीच नाही. मी म्हटलं, हो.

मग बाजारात जाऊन दोन उशा घेतल्या. घरी आणून ठेवल्या आणि कुणासाठी म्हणून स्वतःलाच विचारलं. आता संध्याकाळ होते आहे. या वेळी ती कोट चढवत असेल. तुम्ही दारापाशी उभे असाल. माझ्याकडून काय हवं होतं, फक्त एक शब्द, तो मी वाकडा दिला आणि

खालची घंटा वाजते आहे. जत्रेची वर्गणी मागणारे असतील. थांबा.

खिडकीतून पाहून आलो. गुडघ्याचा पट्टा बांधता बांधता दोन ओळी लिहून घेतो. कोटाची बटणं लागत नाहीत.

खाली एक पन्नाशीची बाई उभी आहे. केस विस्कटलेले, हातात गाडीची किल्ली. मी वरून विचारलं, कोण पाहिजे? ती म्हणाली, ‘व्हासलँ तुम्हीच ना? मी मिरेय. दक्षिणेतून निघून काल अर्ध्या वाटेत मुक्काम केला. बाबांनी मला तुमचं पत्र वाचून दाखवलं, ते लग्नाचंसुद्धा. सोमवार मी रद्द केलेला नाही, हे आधीच सांगते. पण त्याआधी हे.’

मी विचारलं, आई?

तिने मागे बोट केलं. चौकाच्या कोपऱ्यावर निळी गाडी आहे, मागचं दार उघडं. एक टक्कल पडलेला बुटका माणूस दार धरून उभा आहे आणि आतल्या कुणाशीतरी हुज्जत घालतो आहे. दारातून एक पाऊल बाहेर आलेलं आहे, रुआँच्या दगडावर टेकलेलं. दुसरं अजून आत आहे.

‘उतरतच नाहीये,’ मिरेय म्हणाली. ‘नाववाल्याला बोलवा म्हणते. बाबांचं ऐकत नाही, माझं ऐकत नाही. तुम्ही खाली या हो, लवकर.’

येतो म्हटलं.